वजनांविना स्नायू: आधी मनात ताण, मग अंगात

‘डोळे मिटून दंड फुगल्याची कल्पना करा, आपोआप फुगतील’ असं सांगणारे व्हिडिओ बघून कितीतरी लोक रोज पंधरा मिनिटं आडवे पडतात. दुसरीकडे काहीजण तळहातावर तळहात दाबून, दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून दोन मिनिटांत लालबुंद होतात आणि त्याला व्यायाम म्हणतात. दोघांच्याही हाती फारसं काही लागत नाही. पहिल्याच्या स्नायूवर ताणच येत नाही. दुसऱ्याचा ताण येतो, पण भलत्या जागी आणि भलत्या वेळी.

वजनांविना स्नायू वाढवण्याची पद्धत चालते, पण तिला ठरलेला क्रम आहे. आधी स्नायू आवळल्याची कल्पना, मग भाराविना तोच स्नायू प्रत्यक्ष आवळणं, मग दुसऱ्या हाता-पायाचा विरोध. यातली एक पायरी गाळली तरी पुढची अर्धवट राहते.

## सुरू करण्याआधी: कोणी थांबायचं

जोर लावून आवळताना रक्तदाब झपकन चढतो, आणि श्वास कोंडला तर आणखी चढतो. त्यामुळे रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, हृदयविकार असेल, हर्निया किंवा मूळव्याध असेल, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘वजनं नाहीत, मग धोका कसला’ हा समज चुकीचा आहे. आतला दाब वजन बघून वाढत नाही, तुम्ही किती कुंथता त्यावर वाढतो.

चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवातीला एकदा रक्तदाब मोजून घ्यावाच. मेडिकल दुकानातल्या यंत्रावर मोजलात तरी चालेल, पण जिना चढून आल्या आल्या मोजू नका.

## टप्पा १: कल्पनेकडून नेमकं काय मागायचं

इथे गल्लत झाली की पुढचं सगळं फसतं. १९९२ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या एका प्रयोगात काही लोकांनी चार आठवडे करंगळी बाजूला ढकलण्याची फक्त कल्पना केली. करंगळीची ताकद सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी खरोखर जोर लावला त्यांची ३० टक्क्यांनी वाढली. व्हिडिओवाले हाच आकडा सांगतात, पण तो ताकदीचा आहे, स्नायूच्या आकाराचा नाही, हे सांगत नाहीत. कल्पनेनं मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम जोरकस होतो आणि स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लागतात.

२०१४ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या संशोधकांनी धडधाकट लोकांचं मनगट चार आठवडे बांधून ठेवलं. नुसतं बांधून ठेवलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. आठवड्यातून पाच दिवस मनगट आवळल्याची कल्पना करणाऱ्यांची घट जवळपास निम्मी, म्हणजे २४ टक्के होती. हात प्लास्टरमध्ये असलेल्यांना हे खूप उपयोगी आहे. पण तिथेही कल्पनेनं घसरण रोखली, स्नायू फुगवले नाहीत.

आकार वाढायला स्नायूवर खराखुरा ताण यावा लागतो, मात्र तो लोखंडाचाच हवा असं नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी एका हातानं वजन उचललं आणि दुसऱ्या हातात काहीही न घेता कोपर दुमडताना-उलगडताना दंड पूर्ण जोरानं आवळला. सहा आठवड्यांनी दोन्ही दंडांची जाडी जवळजवळ सारखीच वाढली होती. वजन उचलण्याची ताकद मात्र वजनवाल्या हाताचीच जास्त वाढली. पुढचा सगळा आराखडा या निष्कर्षावर उभा आहे.

तपासा: तुम्हाला हवंय काय? पोतं उचलायची ताकद हवी असेल तर कधीतरी पोतं उचलावंच लागेल. दंड भरायचे असतील, अंग घट्ट करायचं असेल, प्रवासात किंवा भाड्याच्या खोलीत व्यायाम टिकवायचा असेल, तर पुढे वाचा.

## टप्पा २: सामान आणि पहिली मोजणी

जाड पंचा, हातांची नसलेली आणि न डुगडुगणारी खुर्ची, शिंप्याची टेप, वही. जमलं तर घरातला वजनकाटा. लोक पंचा-खुर्ची घेतात आणि टेप-वही विसरतात. वजनं असली की ‘गेल्या महिन्यात पाच किलो, आता साडेसात’ हे डोळ्यांसमोर असतं. इथे ते नाही. मोजलं नाही तर महिनाभरानं तुम्ही आहात तिथेच आहात की पुढे गेलात, हे कळणार नाही, आणि कंटाळून सोडून द्याल.

दंड सकाळी, व्यायामाच्या आधी मोजा. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करा. हात सैल सोडा, टेप कातडीला टेकेल इतपतच ठेवा, रुतवू नका. व्यायामानंतर रक्त भरल्यामुळे आकडा जास्त दिसतो आणि तो तासाभरात उतरतो. तो वहीत लिहायचा नाही. मांडी आणि छातीही याच पद्धतीनं.

आता वजनकाटा. काट्याचा, स्प्रिंगवाला जुना असेल तर उत्तम. डिजिटल काटा उभा धरला की अनेकदा चालूच होत नाही. तो छातीसमोर दोन तळहातांमध्ये उभा धरा, काटा शून्यावर आणा आणि श्वास सोडत तीन सेकंद सावकाश दाबा. आलेला आकडा लिहा. कोपरं खांद्यापेक्षा किती खाली होती तेही लिहा, कारण कोपरं वर-खाली झाली की आकडा बदलतो आणि पुढच्या महिन्यात तुलना उरत नाही. हा तुमचा छातीचा आकडा. दर दोन आठवड्यांनी एकदा घ्या. रोज घेत बसलात तर तोच व्यायाम होऊन बसेल.

मग पाच मिनिटं अंग मोकळं करा: खांदे आणि मनगटं फिरवा, दहा-पंधरा सावकाश बैठका काढा. थंड सांध्यांवर ताण दिला की कोपराच्या आतल्या बाजूला चमक भरते, आणि ती लवकर जात नाही.

## टप्पा ३: कल्पना, पण दिसण्याची नाही, जाणवण्याची

बहुतेकांची चूक इथे होते. डोळे मिटल्यावर त्यांना आरशातलं पिळदार शरीर दिसतं. त्याचा काडीचा उपयोग नाही. कल्पना आतून करायची, स्वतःच्या अंगात राहून, आणि ती ताणाची असायला हवी.

खुर्चीवर ताठ बसा. उजव्या हाताची मूठ करून कोपर दुमडा आणि दंड खरोखर आवळा, पूर्ण जोराच्या साधारण एक तृतीयांशानं, पाच सेकंद. बेटकुळी कशी वर येते, ताण कुठून सुरू होतो, कोपराच्या खाचेतली शीर कशी ताठ होते, सगळं लक्षात ठेवा. हात मांडीवर सैल सोडा आणि डोळे मिटा.

आता पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली त्याच हातानं कमरेपासून छातीपर्यंत उचलताय असं समजा. कडी बोटांच्या पेरांत रुततेय, मनगट सरळ ठेवायला जोर लागतोय, बादली वर येते तसा दंड आखडतोय. पाच ते दहा सेकंद सगळा जोर लावा, मनातच. मग दहा-पंधरा सेकंद मोकळे राहा. अशी दहा आवर्तनं. मग दुसरा हात. एका दिवशी फक्त दोन-तीन स्नायू घ्या. सगळं अंग एकाच बैठकीत घेतलं की लक्ष विरतं आणि कल्पनेचं दिवास्वप्न होतं.

तपासा: रिकामा तळहात दंडावर ठेवा. कल्पना चालू असताना दंड कडक होता कामा नये. क्वचित बारीक थरथर जाणवली तर हरकत नाही. जबडा आणि कपाळ सैल आहे का, श्वास नेहमीसारखा चालू आहे का, तेही बघा.

सावधान: ही पायरी जेवणानंतर किंवा झोपताना गादीवर करू नका, पाचव्या आवर्तनाला घोरायला लागाल. गाणीही बंद ठेवा.

## टप्पा ४: भाराविना आवळणं

कल्पना संपल्यावर मिनिटभरात हे सुरू करा. मधे फोन घेतलात तर कल्पनेचा फायदा वाया गेला म्हणून समजा.

हात सरळ खाली सोडा. दंडाचा पुढचा आणि मागचा स्नायू एकदमच आवळा, म्हणजे हात आतल्या आत अडून बसतो. तसाच आवळलेला ठेवून चार सेकंदांत कोपर दुमडा, वर एक क्षण थांबा, चार सेकंदांत उलगडा. पूर्ण दुमडल्यावर खूप जोर लावला तर पेटका येतो. तिथे जोर थोडा कमी करा आणि मधल्या टप्प्यात वाढवा.

सुरुवातीला खांदा कानापाशी चढतो, मान ताठते आणि दंड मात्र मऊच राहतो. असं झालं तर जोर निम्मा करा, खांदा खाली आणा, दुसऱ्या हाताचं बोट बेटकुळीवर टेकवा आणि त्या बोटाखाली कडकपणा येईपर्यंतच जोर वाढवा. बोटाच्या स्पर्शानं लक्ष त्या जागी टिकतं. २०१८ मध्ये नवशिक्या तरुणांवर झालेल्या एका आठ आठवड्यांच्या अभ्यासात स्नायूवर लक्ष ठेवून वजन उचलणाऱ्यांचे दंड सुमारे १२ टक्क्यांनी जाड झाले, नुसतं वजन वर नेण्यावर लक्ष ठेवणाऱ्यांचे ७ टक्क्यांच्या आसपास. मांडीच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. पायांसाठी वेगळा विचार लागतो तो यामुळेही.

प्रत्येक स्नायूला आठ-दहा आवर्तनांचा एक सेट पुरे. इथे दमायचं नाही. दम पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

## टप्पा ५: स्वतःच स्वतःला अडवणं

आता खरा व्यायाम. एक हात कामाचा, दुसरा अडवणारा. यश अडवणाऱ्या हाताच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतं. कामाचा हात अवघड जागी आला की अडवणारा हात नकळत ढिला पडतो, मालक एकच ना! त्यामुळे आवर्तनं भराभर होतात आणि ताण मात्र कुठेच टिकत नाही.

नियम चार:

१. कामाचा हात जिंकला पाहिजे, पण सावकाश. जायला चार-पाच सेकंद.

२. परतताना भूमिका बदलते. अडवणारा हात ढकलत नेतो आणि कामाचा हात अडवत-अडवत माघार घेतो. हे चार-पाच सेकंदही तितकेच मोलाचे आहेत, आणि नेमके तेच गाळले जातात.

३. जोर पूर्ण ताकदीच्या सत्तर-ऐंशी टक्के. शंभर टक्क्यांनी थरथर होते, हालचाल अडकते आणि कुंथणं सुरू होतं.

४. सेकंद मोठ्यानं मोजा. ‘एक, दोन, तीन’ म्हणताना आवाज बंद पडला की श्वास कोंडला, हे तुम्हालाच ऐकू येतं. याहून सोपी सुरक्षा नाही.

व्यायाम पुढच्या क्रमानंच करा. मोठे स्नायू आधी, कारण दंड आधी दमवले तर पाठ आणि छातीसाठी अडवायला हात उरत नाहीत.

पाठ. खुर्चीच्या कडेवर बसा. पंचा एका पायाच्या तळव्याच्या मधल्या खळग्यात अडकवा, बोटांपाशी नाही, तिथून तो निसटतो आणि हात तोंडावर येतो. दोन्ही टोकं धरून पंचा पोटाकडे ओढा. पाय विरोध करत सावकाश दुमडत येईल. परतताना पाय पंचा लांब नेईल आणि पाठ सोडत जाईल. कंबर वाकवू नका. कोपरं मागे जाताना खांद्यामागची पाती एकमेकींकडे येताहेत का बघा. फक्त दंडच दुखायला लागला तर तुम्ही हातानं ओढताय, पाठीनं नाही.

छाती. तळहात छातीसमोर जुळवा, एकमेकांवर दाबा आणि दाब तसाच ठेवून दोन्ही हात उजव्या खांद्यासमोरून डाव्या खांद्यासमोर न्या, परत आणा. नुसतं एका जागी दाबून धरलं तर ताकद मुख्यतः त्याच कोनात वाढते, म्हणून हात फिरवायचे. मनगटात कळ आली तर तळहातांऐवजी मुठी जुळवा.

खांदा. कामाचा हात मांडीसमोर खाली, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट वरून धरा. कामाचा हात बाजूला आणि वर, खांद्याच्या थोडा खालपर्यंत न्या. त्याहून वर नको.

दंड, पुढचा आणि मागचा. कामाचा तळहात वर, दुसरा हात त्याच्या मनगटावर. बोटं धरून अडवलं तर मनगट मुरगळतं. कोपर बरगडीपाशी ठेवून दुमडा, परतताना अडवत सोडा. मागच्या बाजूसाठी उलटं: दुमडलेल्या हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर टेकवा आणि खाली दाबत कोपर सरळ करा. शेवटी कोपर झटक्यानं कुलुपासारखं लॉक करू नका.

मांडी. खुर्चीवर बसून घोट्यांची अढी घाला. खालचा पाय वर उचला, वरचा पाय त्याला मागे दाबेल. खालच्या पायाची पुढची मांडी आणि वरच्या पायाची मागची मांडी, दोन्ही एकदम लागतात. मग पायांची अदलाबदल.

पायांबाबत स्पष्ट सांगायला हवं. दिवसभर अख्खं अंग पेलणाऱ्या पायांना दुसऱ्या पायाचा विरोध लवकरच कमी पडतो. म्हणून बैठका, जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करणं आणि हळूहळू एका पायाच्या बैठकीकडे जाणं, हे सोबत लागणारच. तालमीत जोर आणि बैठका दोन्ही घेतात ते उगाच नाही.

सावधान: मानेला हातानं ढकलून ‘मजबूत’ करायचा प्रकार पहिले काही महिने बाजूला ठेवा. मणक्याचा त्रास किंवा हाताला मुंग्या येत असतील तर कायमचाच. आणि कोणत्याही व्यायामात छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा डोक्यात ठणका लागला, तर तिथेच थांबा. ‘एवढा सेट संपवतो’ असं करू नका.

## टप्पा ६: आठवड्याचं गणित

विरोधाचा व्यायाम सोम, बुध, शुक्र. कल्पनेची पायरी हवी तर पाच दिवस. मधल्या दिवशी फक्त तेवढीच, पंधरा मिनिटांत उरकते. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, सहा ते दहा आवर्तनं, मग तीन सेट. सेटच्या मधे दीड-दोन मिनिटं. त्यातली शेवटची वीस सेकंद डोळे मिटून पुढचा सेट मनात एकदा करा. कल्पनेचा सर्वांत उपयोगी भाग हाच, आणि तो फोन बघण्यात जातो.

भार वाढवायचा क्रमही ठरलेला आहे. आधी हालचालीचा पल्ला पूर्ण करा, विशेषतः स्नायू ताणलेल्या टोकाकडचा. मग वेळ चार सेकंदांवरून सहावर न्या. मग सेट. जोर सर्वांत शेवटी. लोक पहिल्याच आठवड्यात जोर वाढवतात आणि कोपर धरून बसतात.

दुसऱ्या दिवशी अंग आंबलं तर ठीक. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम आठवडाभर बंद.

## टप्पा ७: ताटात काय

यावर फार पाल्हाळ नको. स्नायू वाढवायचे असतील तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं, त्याहून जास्तीचा फायदा फारसा दिसत नाही. ६० किलोच्या माणसाला साधारण ९५ ग्रॅम. वाटीभर वरणातून ५-७ ग्रॅमच मिळतात, तेव्हा ‘आम्ही रोज डाळ खातो’ यावर विसंबू नका. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८-२०. स्वस्तात हवं असेल तर सोया चंक्स: कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर. पन्नास ग्रॅम चंक्स रश्शात टाकले की पाव हिश्शाहून थोडी जास्त बेगमी झाली. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत.

## अडलं तर

वजनकाट्यावरचा आकडा वाढतोय, टेप हलत नाही. पहिल्या महिन्यात हे होणारच. तोवर मेंदूचा हुकूम सुधारतोय. दोन महिने उलटूनही तसंच असेल तर आधी ताट बघा, मग परतीचे चार सेकंद खरंच घेताय का ते.

दोन्ही आकडे जागच्या जागी. फोन समोर ठेवून एका सेटचा व्हिडिओ काढा. आवर्तन आठ सेकंदांऐवजी तीनमध्ये संपत असेल, तर अडवणारा हात ढिला आहे.

डावा हात मागे पडतोय. डावा आधी करा, आणि त्याची जितकी आवर्तनं होतील तितकीच उजव्याची करा.

कल्पना जमतच नाही. टप्पा तीनमधलं खरं आवळणं एकदाऐवजी प्रत्येक आवर्तनाआधी करा. तरीही मन भरकटत असेल तर ती पायरी सोडा आणि टप्पा चारमध्ये बोट बेटकुळीवर ठेवण्यावर भर द्या. कल्पना गाळून प्रगती थोडी मंदावेल, थांबणार नाही. टप्पा पाच गाळला तर मात्र थांबेल.

चार-सहा महिन्यांनी सगळंच थबकलं. पाठ आणि पाय आधी अडतात, कारण तिथे अडवणारा हात-पाय तोकडा पडतो. तेव्हा त्या दोघांसाठी सिंगल बारवर पुल-अप आणि एका पायाच्या बैठका सुरू करा. छाती, खांदे आणि दंडांसाठी हाच क्रम आणखी काही महिने चालू ठेवता येतो.